राजाची मोटार आणि वसमतचे रूळ : वाहनांचा इतिहास नेमका कोणाचा?

१/
हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात एक पिवळी रोल्स-रॉईस जपून ठेवली आहे. १९१२ ची सिल्व्हर घोस्ट, मागचे आसन सिंहासनासारखे. दर काही महिन्यांनी तिचे छायाचित्र समाजमाध्यमांवर नव्याने फिरू लागते. त्याच १९१२ साली, त्याच निजामाच्या राज्यात, पूर्णा ते हिंगोली हा मीटरगेज रेल्वेमार्ग सुरू झाला आणि वसमतच्या शिवारात आगगाडी आली. मोटार सर्वांना ठाऊक आहे. त्या गाडीविषयी वसमतच्या किती तरुणांना चार वाक्ये सांगता येतील?

२/
हा धागा त्या विषमतेविषयी आहे. 'ऐतिहासिक वाहने' म्हटले की डोळ्यांपुढे राजेरजवाड्यांच्या मोटारी येतात, त्यांचे रंग, त्यांच्या किमती, त्यांच्या दंतकथा. ज्या वाहनांनी लाखो माणसांचे आणि मालाचे ओझे वाहिले, ती भंगारात गेली. ती चालवणाऱ्यांची नावेही त्यांच्याबरोबर गेली. हा काळाचा नैसर्गिक क्रम आहे, असे सांगितले जाते. तो तसा नाही. काय जपायचे आणि काय वितळवायचे, हे प्रत्येक वेळी कोणीतरी ठरवलेले असते.

३/
आधी मोटारीची हकीकत. ही गाडी सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी मागवली गेली. ऑगस्ट १९११ मध्ये त्यांचे निधन झाले. गाडी हैदराबादला पोहोचली तेव्हा गादीवर सातवे निजाम उस्मान अली खान होते. ती समारंभाची गाडी होती, प्रवासाची नव्हे. पुढच्या सुमारे साडेतीन दशकांत ती साडेतीनशे मैलांच्या आसपासच धावली, असे तिच्याविषयी नेहमी सांगितले जाते. पुढे तिची अत्यंत निगुतीने डागडुजी झाली आणि आज ती लोकांना पाहता येते. या जतनाबद्दल कोणाचीही तक्रार असू नये.

४/
आता साधा हिशेब. पूर्णा ते हिंगोली हे अंतर सुमारे ५० मैल, म्हणजे जाऊन-येऊन १०० मैल. राजाच्या मोटारीने साडेतीन दशकांत जेवढे अंतर कापले, तेवढे या शाखेवरचे इंजिन चार फेऱ्यांत कापत असे. चार फेऱ्या म्हणजे फार तर आठवडाभराचे काम. एका वाहनाच्या आठवड्याइतकी दुसऱ्या वाहनाची हयात! तरीही 'ऐतिहासिक' हे विशेषण मोटारीलाच लागते. मग हे विशेषण वाहनाच्या कामावरून ठरते की मालकाच्या मुकुटावरून?

५/
वसमतच्या रुळांची कथा वसमतपासून सुरू होत नाही. १८७४ मध्ये वाडी ते सिकंदराबाद हा ब्रॉडगेज मार्ग सुरू झाला आणि हैदराबाद संस्थान मुंबई–मद्रास मार्गाला जोडले गेले. पुढे १८८३ मध्ये लंडनमध्ये भांडवल उभारणारी 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' ही कंपनी आली. नावातला 'गॅरंटीड' हा शब्द नीट वाचावा. कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी २० वर्षांसाठी संस्थानाने दिली होती. नफा कमी पडला, तर तूट सरकारी खजिन्याने भरून द्यायची.

६/
या व्यवहाराला त्याच वेळी विरोध झाला होता, हे फारसे सांगितले जात नाही. चांदा रेल्वे योजनेच्या अटी लोकांसमोर मांडाव्यात, अशी मागणी १८८३ मध्ये हैदराबादेत उठली. तिच्या अग्रभागी मुल्ला अब्दुल कय्यूम आणि अघोरनाथ चट्टोपाध्याय होते. अघोरनाथ हे हैदराबादेतील नामवंत शिक्षणतज्ज्ञ आणि सरोजिनी नायडू यांचे वडील. प्रश्न विचारल्याचे बक्षीस म्हणून त्यांना संस्थानाबाहेर घालवण्यात आले. हैदराबादच्या आधुनिक राजकारणाची सुरुवातच रेल्वेच्या हिशेबावरून झाली, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

७/
पुढचा टप्पा मराठवाड्याचा. मनमाड ते सिकंदराबाद हा ३९१ मैलांचा 'हैदराबाद–गोदावरी व्हॅली' मार्ग शतकाच्या वळणावर, १९०१ पर्यंत पूर्ण झाला. औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड ही गावे एका दोरीत ओवली गेली. मार्ग मीटरगेज होता. रुळांमधले अंतर १ मीटर, ब्रॉडगेजचे १.६७६ मीटर. मीटरगेजला रूळ हलके चालत, वळणे तीव्र घेता येत, पूल व भराव स्वस्तात होत. लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत, १८७० मध्ये, दुय्यम मार्गांसाठी हे माप स्वीकारले गेले होते.

८/
'दुय्यम' हा शब्द पुढे शतकभर मराठवाड्याच्या कपाळी राहिला. १९१२ ची पूर्णा–हिंगोली शाखा तर दुय्यमाचीही दुय्यम होती. तिला वाढवणारे पीक म्हणजे कापूस. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची जुनी छावणी आणि कापसाची मोठी पेठ. वसमतचा परिसरही काळ्या जमिनीचा. कापूस गाडीत चढे, पूर्णेमार्गे मनमाडला पोहोचे आणि तिथे अडे. मनमाडच्या पुढे ब्रॉडगेज. मग हमालांनी प्रत्येक गाठ एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायची. दोन मापांमधला फरक मजुराच्या पाठीवरून भरून निघत होता.

९/
येथे पहिल्या लोकप्रिय समजाचा समाचार घेणे भाग आहे. 'निजामाने मराठवाड्याला रेल्वे दिली' हे वाक्य इतक्यांदा लिहिले जाते की ते म्हणीसारखे झाले आहे. 'दिली' हे क्रियापद दानाचे आहे. दान स्वतःच्या खिशातून होते. संस्थानाच्या खजिन्याचा मोठा आधार शेतसारा होता. तो वसमत, परभणी, बीड इथल्या शेतकऱ्याने भरलेला होता. परताव्याची हमी ज्या खजिन्याने दिली, तो असा भरत होता. तिकीट प्रवाशाने काढले, भाडे मालाने भरले. मग दाता कोण आणि याचक कोण?

१०/
दुसरा समज याच्या अगदी उलट दिशेचा आहे : 'ती गुलामीची खूण होती, गेली ते बरे झाले.' हेही टिकत नाही. रूळ कोणी टाकले एवढ्यावर त्यांचा इतिहास संपत असेल, तर देशातल्या निम्म्याहून अधिक रेल्वेचा इतिहास पुसावा लागेल. मार्ग आखणारा एक असतो, त्यावर घाम गाळणारे दुसरे, आणि तो वापरून स्वतःचे आयुष्य बदलणारे तिसरेच. १७ सप्टेंबर १९४८ रोजी राजवट संपली, रूळ तिथेच राहिले. त्यापुढचा साठ वर्षांचा मीटरगेजचा काळ स्वतंत्र भारताचा आहे. तो तरी कोणाच्या गुलामीची खूण?

११/
१९३० मध्ये संस्थानाने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली. ती 'निजाम्स स्टेट रेल्वे' झाली. १९३२ मध्ये याच रेल्वेने २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन रस्तेवाहतूक सुरू केली. भारतातील सरकारी बससेवेच्या आरंभाच्या प्रयोगांत तिची गणना होते, आणि त्या १९३२ च्या अल्बियन बनावटीची एक बस पुढच्या परिवहन महामंडळाने जपून ठेवली. लक्षात घेण्यासारखी गोष्ट : बस राजाची नव्हती, तिकीट काढून बसणाऱ्यांची होती. म्हणजे सामान्यांचे वाहन जपता येते. इच्छा लागते.

१२/
नोव्हेंबर १९५१ मध्ये ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली, आणि १९६६ पासून सिकंदराबादला मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेकडे गेली. याच काळात मीटरगेजवर नवी भारतीय पिढी आली : प्रवासी गाड्यांसाठी 'वायपी', मालगाड्यांसाठी 'वायजी'. १९४९ पासून १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत वायपी आठशेहून अधिक, वायजी हजारावर बांधली गेली. पहिली परदेशातून आली. पुढे जमशेदपूरच्या टेल्कोत आणि चित्तरंजनच्या कारखान्यात ती घडू लागली. आज मोटारींसाठी ओळखल्या जाणाऱ्या टेल्कोचा आरंभ वाफेच्या इंजिनांनी झाला, हे मोटारप्रेमींनी विसरू नये.

१३/
१९६० च्या आसपास हिंगोलीचा मार्ग पुढे वाशीम, अकोला, खांडव्याला जोडला गेला. एका फटक्यात वसमत हे आडवळणाचे ठाणे राहिले नाही. ते दख्खन आणि राजस्थान यांच्यामधल्या सलग मीटरगेजवर आले. काचीगुड्याहून जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गाने धावे : पूर्णा, अकोला, खांडवा, रतलाम, अजमेर. ओंकारेश्वरचा यात्रेकरू आणि अजमेरचा जायरीन एकाच डब्यात बसत. मेळघाटात धुळघाटजवळ हा मार्ग डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून पुलाने जाई. मराठी मुलुखातल्या रेल्वेबांधणीचे हे एक आश्चर्य होते.

१४/
आता इंजिनाच्या पोटात डोकवावे. वायपीच्या बॉयलरात दर चौरस इंचाला २१० पौंडांचा दाब असे. भट्टीतली आग हजार अंशांच्या पुढे. बॉयलरातले पाणी भट्टीच्या छताच्या खाली गेले, तर पोलादी पत्रा तापून मऊ पडे आणि स्फोटाची भीती उभी राही. म्हणून चालक दलाची नजर काचेच्या नळीतल्या पाण्याच्या पातळीवर खिळलेली असे. कोळसा फावड्याने, हाताने टाकायचा. तोही कोपऱ्याकोपऱ्यात सारखा पसरून, नाहीतर आगीत भोक पडून वाफ घसरे. हे कौशल्य पुस्तकात शिकता येत नव्हते.

१५/
मराठवाड्यातला मे महिना डोळ्यांपुढे आणावा. बाहेर हवा चाळिशीच्या वर, समोर उघडलेले भट्टीचे दार, पायांखाली हादरणारी पाटी. ड्रायव्हर, फायरमन, आणि शेडमध्ये खलाशी, फिटर, बॉयलरमेकर : एक इंजिन चालण्यामागे माणसांची अशी उतरंड होती. थंड इंजिनात वाफ धरायला कित्येक तास लागत. ठरावीक दिवसांनी बॉयलर थंड करून आतला क्षार धुवावा लागे. पूर्णेसारखे जंक्शन या कामावर जगत होते. तिथल्या वस्तीचे घड्याळ म्हणजे पाळीचा भोंगा.

१६/
एकेरी मार्गावर समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून टोकनची पद्धत होती. धातूचा एक गोळा, चामडी पिशवीत, मोठ्या कड्याला बांधलेला. तो हाती असल्याशिवाय पुढच्या स्थानकाकडे इंजिन हलवायचे नाही. दोन्ही टोकांची यंत्रे विजेने जोडलेली. एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. न थांबणाऱ्या गाडीचा फायरमन धावत्या इंजिनातून वाकून ते कडे हातावर झेले. शेकडो प्रवाशांचा जीव त्या क्षणी एका हातावर असे, आणि रात्री तो झेल कंदिलाच्या उजेडात घ्यावा लागे.

१७/
मोटार शर्यतीचे चालक आजच्या तरुणांचे नायक आहेत, आणि त्यात गैर काही नाही. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरणारा पहिला भारतीय ठरला. त्याचे नाव, गाडी, संघ सर्वांना तोंडपाठ. शर्यतीच्या चालकाचे मोल त्याच्या प्रतिक्रियेच्या वेगात आणि यंत्राच्या जाणिवेत मोजले जाते. धावत्या इंजिनातून टोकन झेलणाऱ्या हाताला आणि भट्टीचा आवाज ऐकून वाफ ओळखणाऱ्या कानाला हाच निकष लावून पाहावा. फरक एवढाच की त्यांच्या कामगिरीला टाळ्या नव्हत्या. गाडी वेळेवर आली, हाच निकाल.

१८/
शेवट सर्वांना ठाऊक आहे, तारखा फार थोड्यांना. १९९२ मध्ये देशभर एकच रुंदी करण्याचे धोरण आले. ब्रॉडगेजवरची नियमित वाफगाडी डिसेंबर १९९५ मध्ये थांबली; मीटरगेजवरची वाफ त्या दशकाबरोबर संपली. मनमाड–औरंगाबाद मार्ग आधीच रुंद झाला होता. पूर्णा–अकोला मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. वसमतच्या स्थानकातून एका मीटरचे रूळ निघाले आणि त्यांच्याबरोबर शतकाला चार वर्षे कमी असलेला एक काळ गुंडाळला गेला.

१९/
पहिला आक्षेप ठरलेला : 'मग काय, मीटरगेजच ठेवायला हवा होता?' मुळीच नाही. रुंदीकरण ही मराठवाड्याची न्याय्य मागणी होती आणि ती उशिरा पूर्ण झाली. मनमाडला माल उतरवून पुन्हा चढवण्याचा खर्च आणि शीण कोणालाही परत नको. प्रश्न रूळ बदलण्याचा नाही. घर पाडून नवे बांधताना आजोबांची पेटी भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहतात. येथे पेटी उघडली गेली का, एवढाच प्रश्न आहे.

२०/
दुसरा आक्षेप : 'इंजिने जपली आहेत की! दिल्लीला संग्रहालय आहे, रेवाडीला वाफेची शेड आहे.' खरे आहे. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ पासून आहे. तिथली १८५५ ची 'फेअरी क्वीन' १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर धावली. १८९५ मध्ये अजमेरला बांधलेले, भारतात घडलेले पहिले मानले जाणारे मीटरगेज इंजिनही जपले आहे. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचे संग्रहालय २००२ पासून आहे. विदर्भाने आपली छोटी गाडी विसरू दिली नाही. या यादीत मराठवाड्याचे नाव शोधावे. हैदराबाद–गोदावरी मार्गासारख्या लांबलचक मार्गाचे सांगण्याजोगे काय उरले?

२१/
तिसरा आक्षेप अधिक चलाख आहे : 'स्थानकासमोर एक जुने इंजिन रंगवून उभे करू, झाले.' देशभर अशी इंजिने चौथऱ्यांवर उभी आहेत. चकचकीत काळा रंग, लाल चाके, भोवती हिरवळ आणि सेल्फी घेणाऱ्यांची गर्दी. पुष्कळदा ते इंजिन त्या मार्गावर कधी धावलेलेही नसते. पाटीवर बांधणीचे वर्ष असते. ते कोणत्या शेडचे, कोणी चालवले, कुठल्या गाडीला लागत होते, याचा उल्लेख नसतो. रंगवलेले लोखंड म्हणजे इतिहास असेल, तर पुतळ्याला चरित्र म्हणावे लागेल.

२२/
कायद्याचा कलही पाहण्यासारखा आहे. १९७२ च्या पुरातन वस्तूविषयक कायद्यात वस्तू 'पुरातन' ठरण्यासाठी साधारणतः १०० वर्षांची अट आहे. वायपी आणि वायजी पन्नाशी गाठण्याआधीच वितळल्या. शंभरी कुठून येणार? दुसरीकडे २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी व मोटारींसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची खास तरतूद केली, स्वतंत्र क्रमांकमालिकेसह. तरतूद चांगलीच आहे. पण ती ज्याच्याकडे जुनी मोटार आहे त्याच्यासाठी. ज्यांचे वाहन सार्वजनिक होते, त्यांच्या आठवणीला कोणती क्रमांकमालिका मिळाली?

२३/
आणि मोटारींचा इतिहास तरी इतिहास असतो का? 'विक्रेत्याने अपमान केला म्हणून राजाने रोल्स-रॉईस कचरा वाहायला लावल्या' ही गोष्ट प्रत्येकाने वाचली असेल. कधी तो राजा अलवारचा असतो, कधी पतियाळाचा, कधी हैदराबादचा निजाम. कथानक तेच, मुकुट फक्त बदलतो. एकच गोष्ट इतक्या राजांच्या नावावर चिकटते, तेव्हा ती लोककथा असते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे पुरावा मागायला हवा. पण ती दंतकथा हजारो वेळा पुढे जाते आणि पूर्णेच्या शेडमधला खरा माणूस एकदाही विचारला जात नाही.

२४/
या विस्मरणाला एक विद्यापीठीय कारणही आहे. निजामशाहीचा कारभार १८८० च्या दशकापासून उर्दूत चाले. रेल्वे कंपनीचा इंग्रजीत. कागदांचा मोठा भाग हैदराबादच्या अभिलेखागारात राहिला. १९५६ मध्ये मराठवाडा वेगळा होऊन मुंबई राज्यात आला, रेल्वेची सूत्रे पुढे सिकंदराबादकडे राहिली. परिणामी मराठवाड्याचा रेल्वे-इतिहास दोन राज्यांच्या आणि तीन भाषांच्या फटीत पडला. मराठी अभ्यासक उर्दूला बिचकतो, हैदराबादच्या अभ्यासकाला वसमत नकाशाच्या कडेवर दिसते. ही सबब समजण्यासारखी आहे. ती कायमची होऊ देणे समर्थनीय नाही.

२५/
वसमतला स्मरण कसे करावे हे शिकवायला नको. मुक्तिसंग्रामातील हुतात्मा बहिर्जींचे नाव तिथल्या महाविद्यालयाने धारण केले आहे. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ते नाव दाखल्यावर घेऊन जातात. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, कारण कोणीतरी कागद गोळा केले, परंपरा नोंदवली, दावा मांडला. स्मरण आपोआप होत नाही, ते करावे लागते, हे या तालुक्याने दोनदा दाखवून दिले आहे. रुळांच्या बाबतीतच हा तालुका गप्प का राहावा?

२६/
घाई का, असेही विचारले जाईल. उत्तर वयात आहे. १९७० मध्ये विशीत असताना फायरमन म्हणून लागलेला माणूस आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. साठच्या दशकात लागलेले ऐंशीच्या पुढे. पूर्णा, वसमत, हिंगोली, नांदेड इथल्या गल्ल्यांत ही माणसे अजून आहेत. त्यांचे कान भट्टीच्या आवाजाने गेलेले, हातांवर भाजल्याचे डाग. अभिलेखागारातला कागद आणखी दहा वर्षे वाट पाहील. हे कागद पाहणार नाहीत.

२७/
म्हणून मागण्या थोड्या आणि करता येण्याजोग्या. एक : निवृत्त रेल्वेकर्मचाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित व्हाव्यात, त्यासाठी आज खिशातला फोन पुरतो. दोन : घरोघरी असलेले सेवापुस्तक, पास, बिल्ला, हातकंदील, वेळापत्रक यांची छायाचित्रे तारीख-गावासह नोंदवली जावीत, वस्तू मालकाकडेच राहू द्यावी. तीन : प्रत्येक जुन्या मीटरगेज स्थानकात १ मीटर रुंदीच्या रुळांचा एक छोटा तुकडा आणि त्याचा खरा इतिहास सांगणारी मराठी पाटी असावी. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना सरकारी परवानगी लागत नाही.

२८/
मुलाखतीत 'जुने दिवस कसे होते?' असे विचारू नये. त्याला 'फार छान होते' हेच उत्तर मिळते. नेमके विचारावे. पाळी किती तासांची होती? वसमत ते पूर्णा किती कोळसा लागे? कोणत्या चढावर गाडी अडे? कोणत्या विहिरीचे पाणी बॉयलरला खराब होते? वरिष्ठ कसे बोलत? शेडमध्ये पाण्याचा माठ एक होता की जातीप्रमाणे वेगळा? संप झाला तेव्हा घरात काय शिजले? डिझेल आले तेव्हा कोणाची बदली झाली? आठवणीतले सुख आणि दुःख अशा प्रश्नांतूनच वेगळे होते.

२९/
शेवटचे प्रश्न महत्त्वाचे आहेत, कारण वाफेचे नुसते कौतुक हाही एक खोटेपणाच आहे. धुराचा काळा पट्टा दुरून पाहणाऱ्याला काव्यमय वाटतो; तो छातीत घेणाऱ्याला खोकला देतो. इंजिनाचे गोडवे गाऊन फायरमनचे फुफ्फुस विसरणारा छंद आणि राजाची मोटार पुसून रयतेचा सारा विसरणारा छंद, दोन्ही एकाच जातीचे. जतन करायचे ते लोखंड आणि श्रम या दोहोंचे, त्यांच्यातल्या अन्यायासकट.

३०/
चौमहल्ल्यातली पिवळी मोटार जरूर पाहावी. तिच्यासमोर उभे राहून मनात एक बेरीजही करावी : ही गाडी धावावी, तिला चकाकी राहावी, यासाठी लागलेला पैसा कुठून आला? ज्या शिवारांतून तो आला त्यांत वसमतही होते. त्या शिवारातून १९१२ पासून एक दुसरे वाहन धावत होते, ज्याला सिंहासन नव्हते, फक्त एक फावडे आणि दोन माणसे होती. त्यांपैकी एखादा आजही वसमतच्या एखाद्या ओसरीवर संध्याकाळी बसलेला असतो. आता त्याच्यापाशी कोणीतरी जाऊन बसायला हवे.

(धागा समाप्त. ज्यांच्या घरात मीटरगेजच्या काळातले कोणी रेल्वेत होते, त्यांनी त्यांचे गाव, शेड आणि हुद्दा आजच लिहून ठेवावा.)